घुमट घेऊन जा, संगणक द्या: पालकमंत्र्यांना खुले पत्र

मा. पालकमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

गेल्या वर्षी आमच्या तालुक्याच्या कॉलेजात आपण क्ष-किरण पल्सारच्या, म्हणजे ठरावीक वेळाने क्ष-किरणांचे ठोके देणाऱ्या ताऱ्यांच्या, अभ्यासासाठी सहा संगणक जाहीर केलेत. शाल-नारळ घेऊन गेलात. परवा ट्रक आला, त्यातून दुर्बिणीचा पत्र्याचा घुमट उतरला.

साहेब, क्ष-किरण वातावरणातच शोषले जातात, गच्चीवर पोचत नाहीत. म्हणून तर उपग्रह लागतो. १९७० च्या डिसेंबरात उहुरू हा उपग्रह वर गेला, तेव्हा कुठे सेन एक्स-३ या पल्सारचे ४.८४ सेकंदांचे ठोके सापडले. आपला ॲस्ट्रोसॅट २०१५ साली गेला. त्याची माहिती इस्रोकडून फुकट उतरवता येते. घुमटातून काय बघायचं? कावळे?

काम कसं चालतं ते ऐका. उपग्रहाला पृथ्वी आड आली तो वेळ कापायचा, दक्षिण अटलांटिकवरच्या विद्युतभारित कणांच्या पट्ट्यातलाही कापायचा. मग प्रत्येक फोटॉनची, म्हणजे क्ष-किरणाच्या कणाची, वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्याला लावून घ्यायची. हे राहिलं, तर पृथ्वी सेकंदाला ३० किमी पळते म्हणून आवर्तकाल दहा हजारांत एका भागापर्यंत चुकतो. खरी मेख पुढेच आहे. सेन एक्स-३ हा न्यूट्रॉन तारा जोडीदार ताऱ्याभोवती २.०९ दिवसांत फिरतो, सेकंदाला ४०० किमीच्या वर. आपल्याकडे येताना ठोके दाटतात, लांब जाताना विरळ होतात. फरक सेकंदाच्या हजारांश भागांतला, साधारण सात. पण कक्षेची दुरुस्ती न करता दिवसभराची माहिती एकाच कालावर दुमडली, म्हणजे सगळे ठोके एकावर एक रचले, की ठोका पुसला जाऊन जवळपास सपाट रेघ उरते. त्यात तारा जोडीदाराआड गेला की जवळजवळ अर्धा दिवस ग्रहण. टीवायच्या पोरांना वाटतं, फाइलच खराब आहे.

या कामाला लिनक्सची सोळा जीबी रॅमची मशीनं, तासभर टिकणारा यूपीएस आणि बरी इंटरनेट लाइन लागते. गणित अर्ध्यावर असताना वीज जाते, पुन्हा पहिल्यापासून. विजेचं पत्र या खात्याला दिलं तर ते त्या खात्याकडे बोट दाखवतं. नऊ पत्रं झाली, की दहा, आता मोजणंही सोडलं. घुमटाला कोणी अठरा लाख म्हणतं, कोणी बावीस. बांधकाम म्हटलं की फाइल पळते, संगणक म्हटलं की खर्चाचं ‘हेड’ नसतं. खान्देशच्या वाट्याला कायम कोनशिलाच! पुण्या-मुंबईच्या पोरांना हीच माहिती घरबसल्या मिळते, आमच्यांनी केळीच्या गाड्या मोजाव्यात काय?

घुमट सध्या सायकल स्टँडजवळ पालथा पडलाय. उन्हानं पत्रा इतका तापतो की पोरं वळसा घालून जातात. संगणक जमेल तेव्हा द्या, आधी तो उचलायला ट्रक तरी पाठवा.

आपले,
पदार्थविज्ञान विभागातील शिक्षक