मन्याला, पोरीच्या वाटेवरून

प्रिय मन्या,

परवा फोनवर तू दोनदा विचारलंस की पोरीच्या दत्तकाचं अजून अडलंय कुठे, तेव्हा मी गाडीत होतो म्हणून धड सांगता आलं नाही, आता रात्री निवांत बसून लिहितोय.

फाइल सध्या दिल्लीत काराकडे, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे आहे, एनओसीसाठी, म्हणजे ना-हरकत पत्रासाठी. त्याआधीचं सगळं झालं. होम स्टडीला सोशल वर्कर येऊन पगारापासून आमची भांडणं कशावरून होतात इथपर्यंत सगळं विचारून गेली, इथे अमेरिकेत इमिग्रेशनचा आय-८००ए, म्हणजे परदेशातून मूल दत्तक घ्यायला आम्ही पात्र आहोत का ते ठरवणारा अर्ज, मंजूर झाला, आणि मग एके दिवशी काराच्या पोर्टलवर तिचा फोटो आला. ९६ तासांत होकार देऊन मूल रिझर्व्ह करायचं असतं, पण तुझ्या वहिनीने फोटो बघितला आणि म्हणाली, आता विचार कसला करायचाय. नंतर आय-८००, म्हणजे खास तिच्यासाठीचा अर्ज, मग अमेरिकन एम्बसीचं पत्र, तेही झालं. आता एनओसी आली की कलेक्टरची दत्तकाची ऑर्डर. कोर्टाची तारीख विचारत होतास ना, ते २०२२ च्या सप्टेंबरपासून कोर्टात जात नाही, जिल्हाधिकारीच ऑर्डर देतात.

पोरगी ओडिशातली आहे. रिपोर्टमध्ये लिहिलंय की डालमा-भात (डालमा म्हणजे तिकडची भाज्या घातलेली डाळ) आवडीने खाते आणि केस विंचरायला घेतले की रडते. ही एवढी एक ओळ आम्ही किती वेळा वाचली असेल! वजन-उंचीचे आकडे आता जुने झालेत रे, वहिनी दुकानात फ्रॉक हातात घेऊन उभी राहते आणि परत ठेवते, कारण माप कुठलं घ्यायचं तेच कळत नाही. व्हिडिओ कॉलवर ती आमच्याकडे बघतच नाही, संस्थेतल्या ताईंच्या बांगड्यांशी खेळत बसते, आणि ताई उठल्या की लगेच त्यांचा पदर धरते. बघून बरं वाटतं की तिला धरायला कुणीतरी आहे, आणि त्याच वेळी पोटात तुटतं, कारण आम्ही तिला त्याच माणसापासून घेऊन येणार आहोत.

आता तू म्हणालास ते, की दिल्लीत ओळख काढतो, फाइल पुढे सरकवतो. मनापासून म्हणालास हे कळतं मला, पण नको. मूल सापडलं की पेपरात जाहिरात देतात, आई-वडिलांचा शोध घेतात, दोन वर्षांखालचं असेल तर दोन महिने आणि मोठं असेल तर चार महिने, त्यानंतरच बालकल्याण समिती त्याला दत्तकासाठी मोकळं करते. आणि आईने स्वतः मूल सोपवलं असेल तर तिलाही मन बदलायला ६० दिवस असतात. म्हणजे आपण ज्याला उशीर म्हणतो ना, त्यातला बराचसा वेळ त्या बाईचा आहे, जी कदाचित परत येणार होती. उद्या पोरीने विचारलं की माझ्या आईला शोधलं होतं का, तर मला तिच्या डोळ्यांत बघून हो म्हणता आलं पाहिजे. त्यातला एकही कागद कुणाच्या ओळखीने झालेला मला नकोय. बाहेर देशात मुलं पाठवताना पूर्वी काय काय गैरप्रकार झालेत ते आपण पेपरात वाचलंय, देशोदेशींच्या दत्तकासाठीचा १९९३ चा हेग करार त्यातूनच आला.

फोटो पाठवत नाही, रागावू नकोस, ऑर्डर होईपर्यंत तिचा चेहरा कुणाच्याच फोनमध्ये जाऊ द्यायचा नाही असं ठरवलंय. आईलाही तू एकदा समजावून सांग, ती रोज तारीख विचारते आणि फोन ठेवला की तुझी वहिनी गप्प होते.

तुला मदत करायचीच असेल तर एक काम कर. ऑर्डर झाली की भुवनेश्वरहून तिला घेऊन दिल्लीला जायचंय, व्हिसाचं काम तिथेच होतं, थोडे दिवस राहावं लागेल. हॉटेल नको, तुझ्या मेव्हण्याच्या ओळखीत स्वयंपाकघर असलेली एखादी जागा मिळते का बघ, तिला भात गरम करून देता आला पाहिजे.

तुझा,
बंड्या