चित्रांच्या ताईंना

प्रिय ताई,
सप्रेम नमस्कार.

१९९३ च्या भूकंपानंतर किल्लारीजवळच्या आमच्या गावात, पत्र्याच्या शेडमध्ये तुम्ही लेकरांना कागद आणि तेलखडू वाटायचात. तुमचं पूर्ण नाव इथं कुणालाच ठाऊक नाही, सगळ्यांच्या तोंडी 'चित्रांच्या ताई'च. म्हणून हे पत्र असं उघडपणे लिहितोय.

३० सप्टेंबरची पहाट, ३ वाजून ५६ मिनिटं. रात्री गणपती बोळवून गाव दमून झोपलेलं. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. सगळं झोपेतच अंगावर आलं. पुढं मदत खूप आली, तिचे उपकार आहेतच. पण येणारा जो तो लेकरांना विचारायचा, "तुझ्या घरचं कोण गेलं रे?" तुम्ही ते कधीच विचारलं नाही.

मी नुसता चौकोन काढायचो आणि काळ्या खडूनं गच्च भरायचो, कागद फाटेस्तोवर. कुणी म्हणायचं, "बाळा, सूर्य काढ, फुलं काढ." तुम्ही त्यांना हळूच बाजूला नेलंत आणि पुढच्या खेपेला माझ्यासाठी काळे खडू जास्तीचे आणलेत. त्या चौकोनाला दार यायला बराच काळ गेला. एकदा दारात आजी बसवली, तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "लुगडं कोणत्या रंगाचं होतं?" "हिरवं," म्हणालो आणि रडू फुटलं ते थांबेना. तोवर मी आजीसाठी रडलोच नव्हतो. तुम्ही शेजारी बसून राहिलात.

आणखी एक. पाहुणे चित्रं मागायचे, पण लेकराला विचारल्याशिवाय तुम्ही एकही कागद कुणाला दिला नाहीत. केवढा मान होता तो आम्हाला!

आज मी शिक्षक आहे. २०२५ च्या सप्टेंबरात मराठवाड्यात पूर आला, आमच्या शाळेतल्या लेकरांची दप्तरंसुद्धा चिखलात गेली. शाळा भरली तेव्हा पाढे बाजूला ठेवून कोरे कागद वाटले, विषय दिला नाही. एका मुलीनं खुंटा काढला, त्याला दावं, आणि पुढं काहीच नाही. म्हैस कुठंय, हे मी विचारलं नाही. "दावं कुणी वळलं गं?" म्हटलं. "आज्यानं," म्हणाली, आणि मग मधली सुट्टी होईपर्यंत सांगत राहिली.

हे मी तुमच्याकडून शिकलो, ताई. तुमचे मनापासून आभार. जमेल तेव्हा आमच्या शाळेत या, लेकरांशी तुमची गाठ घालून द्यायची आहे.

तुमचा,
शेडमधला एक विद्यार्थी