होडीची मागची फळी मोजल्याशिवाय मशीन देऊ नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी देवबागचा मच्छीमार. होडीवर माझी चाळीस वर्षं गेली. नारळी पौर्णिमा होऊन हंगाम सुरू झाला आहे. गणपतीनंतर पर्यटक येऊ लागतील, नव्या मशिनी घेतल्या जातील, म्हणून आत्ताच लिहितो.

आउटबोर्ड मशीन, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून बसवायचं इंजिन, घ्यायला गेलं की दुकानदार विचारतो, "किती एचपी?" आपणही तेवढंच सांगतो. तुमच्या होडीची मागची फळी किती उंच आहे, हे मला कोणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. या फळीला मेकॅनिक लोक ट्रान्सम म्हणतात. मशीन तिच्यावरच बसतं आणि मशीनचा दांडा, म्हणजे खाली पाण्यात जाणारा, टोकाला पंखा असलेला भाग, तिच्या उंचीशी जुळावा लागतो. दांडे ठरावीक लांबीचे येतात: १५ इंची आखूड, २० इंची लांब आणि २५ इंची जास्त लांब. बऱ्याच कंपन्या मॉडेलच्या नावातच एस, एल, एक्स अशी खूण देतात. ती खूण बिलावर असते, पण वाचतो कोण?

मी नवी फायबरची होडी घेतली तेव्हा जुनं मशीन विकून नवं ९.९ एचपीचं आणलं. दुकानात त्या वेळी आखूड दांड्याचंच शिल्लक होतं. मी जरा घुटमळलो, तर दुकानदार म्हणाला, "काका, पाच इंचान काय फरक पडता? चलतला." मी विश्वास ठेवला. होडीची फळी २० इंची आणि मशीन १५ इंची, हे मला नंतर कळलं.

कर्लीच्या खाडीत आत ते चाललंही. होडी रिकामी असली की ओढ कमी वाटायची, मी म्हटलं नवं आहे, सुटेल हळूहळू. सप्टेंबरात एका सकाळी मुलाला घेऊन बांगड्यांची जाळी ओढून परतत होतो. ओहोटी लागलेली, बाहेरून लाट येत होती. देवबागच्या संगमाजवळ खाडीचं पाणी आणि समुद्राची लाट समोरासमोर आली की काय होतं, ते इथल्या माणसाला सांगायला नको. पहिल्या लाटेनं होडीची मागची बाजू उचलली आणि मशीन किंचाळलं. पंखा पाण्याऐवजी हवेत फिरत होता. होडी जागची हलेना. लाट सरली, पंख्यानं पुन्हा पाणी धरलं. दुसरी लाट, पुन्हा तेच. तिसऱ्या लाटेला मुलगा ओरडला, "बाबानू, धार गेली!"

मशीनच्या मागून पाण्याची जी बारीक धार पडत असते, ती थंडाव्याचं पाणी फिरतंय याची खूण. पाणी ओढायची जाळी खाली पंख्याजवळच्या भागात असते. तो भाग हवेत आला की पंपाला पाणी मिळत नाही, आतल्या रबरी चक्राला कोरडं फिरावं लागतं आणि ते जळतं. मी मशीन बंद केलं. तेवढ्यात होडी लाटेला आडवी झाली. मुलानं वल्हं धरलं, मी नांगर टाकला, आणि नांगर धरला म्हणून आम्ही वाळूच्या पट्ट्यावर आपटलो नाही. अर्ध्या तासानं आमच्याच वाडीतली दुसरी होडी आली, तिनं दोर टाकून ओढत आणलं. त्या दिवशी घरी गेल्यावर मुलाच्या आईला काही सांगितलं नाही, पण माझे हात संध्याकाळपर्यंत कापत होते.

मेकॅनिकनं मशीन उघडायच्या आधी टेप मागितला. आम्ही फळीची उंची काठाच्या कोपऱ्याकडून मोजतो, ते चूक. मधोमध, जिथे मशीनचा क्लॅम्प बसतो, त्या खाचेच्या वरच्या कडेपासून सरळ खाली होडीच्या बुडापर्यंत मोजायचं. मग मागे उभं राहून बघायचं: पंख्याच्या वर जी आडवी पत्र्यासारखी प्लेट असते, ती होडीच्या बुडाच्या रेषेत किंवा फार तर इंचभर खाली हवी. माझी प्लेट बुडाच्या पाच इंच वर होती. पंख्याचा मोठा भाग होडीच्या बुडाआड लपलेला, त्याला पाणी मिळणार कुठून? पंपाचं चक्र काढलं, तर त्याच्या पाती वितळून एकमेकींना चिकटल्या होत्या.

उलटही होतं. माझ्या पुतण्याची पात, म्हणजे छोटी होडी आहे, फळी १५ इंची. त्यानं २० इंची दांड्याचं जुनं मशीन घेतलं. ते पाणी उगाच कापत जातं, वळवायला जड, मागून फवारे उडतात, आणि ओहोटीला खाडीत पंखा वाळूला लागतो. फळीवर लाकडाचा घट्ट ठोकळा बोल्टनं बसवून मशीन वर घेतल्यावर त्याचं बरंच भागलं. लांब दांड्याला असा उपाय आहे. आखूड दांड्यासाठी मात्र काहीजण फळीच करवतीनं कापतात. ते कुणी करू नये. मागची फळी कमी झाली की मागून येणारी लाट सरळ आत येते, आणि फायबरच्या आतलं प्लायवूड उघडं पडून पाणी पितं, कुजतं, मग मशीनचा भार पेलत नाही.

आणखी एक गोष्ट. आमच्यातले बरेचजण आता तारकर्ली-देवबागला पर्यटकांना फिरवतात. डॉल्फिन दिसला की सगळे पुढच्या बाजूला धावतात. वजन पुढे गेलं की मागची बाजू वर उचलली जाते आणि आखूड दांड्याचा पंखा उघडा पडतो. होडीत लहान मुलं असतात. हा विचार आला की मला झोप लागत नाही.

म्हणून दुकानदारांना विनंती आहे की फळीची उंची विचारल्याशिवाय मशीन देऊ नका आणि बिलावर दांड्याची लांबी इंचात, मराठीत लिहा. फायबरच्या होड्या बांधणाऱ्यांनी होडी देतानाच फळीच्या आतल्या बाजूला उंचीचा आकडा रंगानं लिहावा. मच्छीमार सोसायट्यांनी आणि सागरी मंडळानं पर्यटकांच्या होडीची तपासणी करताना लाइफ जॅकेटांबरोबर हा आकडाही बघावा. एका टेपचं आणि दोन मिनिटांचं काम आहे.

मी आखूड मशीन पडत्या भावात विकलं, घेणाऱ्याची फळी आधी मोजून, आणि २० इंची घेतलं. माझ्या होडीच्या फळीवर आता पांढऱ्या रंगात '२०' लिहिलं आहे. देवबाग, तारकर्ली, निवतीकडच्या कुणाला आपली होडी मोजून हवी असेल, तर सकाळी मासे उतरवून झाल्यावर मी संगमाच्या बाजूला किनाऱ्यावरच असतो. टेप माझ्याकडे आहे.

आपला,
एक होडीवाला
देवबाग, ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग