सुझी वोल्फ यांची ओळख पतीच्या नावाने नको

महोदय,

‘एफ-वन अकॅडमी’ या मुलींच्या मोटार शर्यतींच्या मालिकेच्या बातमीत तिच्या संचालिका सुझी वोल्फ यांचे नाव आले की पाठोपाठ ‘मर्सिडीजप्रमुख टोटो वोल्फ यांच्या पत्नी’ हे शेपूट येतेच. ते दर वेळी खटकते, म्हणून हे पत्र.

स्कॉटलंडमधील ओबानच्या सुझी कार्टिंगमधून, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यतींतून, वर आल्या. २००६ पासून सात हंगाम त्या डीटीएम या जर्मन टूरिंग कार मालिकेत मर्सिडीज चालवत होत्या. टोटोंशी लग्न झाले २०११ मध्ये. फॉर्म्युला वन, म्हणजे एफ-वन, मधल्या विल्यम्स संघाने त्यांना गाडीच्या चाचणीसाठी घेतले तेव्हा त्या संघात टोटोंची भागीदारी होती, हे नाकारायचे कारण नाही. पण स्टॉपवॉचला नातीगोती कळत नाहीत. २०१४ मध्ये ब्रिटनमधील सिल्व्हरस्टोनला त्या एफ-वन शर्यतीच्या, म्हणजे ग्रांप्रीच्या, सरावात उतरल्या. ग्रांप्रीच्या अधिकृत सत्रात महिला दिसण्याची ही २२ वर्षांतली पहिलीच वेळ. चार फेऱ्यांत इंजिनाने दगा दिला. दोन आठवड्यांनी जर्मनीतील हॉकेनहाइमच्या सरावात त्या सहकारी फेलिपे मासापेक्षा जेमतेम दोन दशांश सेकंद मागे होत्या. तरी शर्यतीत उतरायची संधी कधीच मिळाली नाही आणि २०१५ अखेर त्यांनी हेल्मेट खाली ठेवले. पुढे फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांच्या मालिकेतला व्हेंचुरी संघ त्यांनी हाती घेतला, तो २०२२ मध्ये सांघिक क्रमवारीत दुसरा आला.

वेगाइतकेच गाडी चालवायला मिळणारे तास आणि पैसेही लागतात, आणि मुलींना त्यांचीच चणचण असते, हे ज्याने भोगले त्यालाच नेमके कळते. महिलांची ‘डब्ल्यू सिरीज’ २०२२ मध्ये पैशांअभावी अर्ध्यात थांबली होती. २०२३ मध्ये अकॅडमीची सूत्रे घेतलेल्या वोल्फ यांनी पुढच्याच वर्षी एफ-वनच्या दहाही संघांना एकेका मुलीमागे उभे केले आणि सगळ्या फेऱ्या ग्रांप्रीच्याच आठवड्यात आणल्या. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली सर्वांत मोठी कामगिरी हीच.

मालिकेत सारे आलबेल आहे असेही नाही. गाडी फॉर्म्युला फोर या खालच्या पायरीवरची, आणि एका मुलीला सहसा दोनच हंगाम. त्यानंतरची पायरी उंच आणि फार महागडी. पहिली विजेती मार्ता गार्सिया हिला पुढच्या हंगामासाठी वरच्या मालिकेतील जागा बक्षीस मिळाली, पण हंगाम संपण्याआधीच ती तिथून बाहेर पडली. संचालिकेला प्रश्न विचारायचा तर तो याबद्दल विचारावा. आपल्या क्रीडा पानाने विजेतीच्या छायाचित्राबरोबर एवढे जरूर छापावे : पुढच्या हंगामात ती कोणती गाडी चालवणार, आणि खर्च कोण उचलणार?

– एक नियमित वाचक