तुंबलेल्या पाण्याला पूर म्हणू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा लागला की आपल्या दैनिकात ‘पूर’ फार स्वस्त होतो. बेळगावात तासभर पाऊस झाला, गटारी भरून रस्त्यावर गुडघाभर पाणी साचलं, की मथळा ‘शहरात पूर’. शेजारी वेदगंगा नदीची बातमी, तीही ‘पूर’. आणि खाली कुठल्या तरी नेत्याच्या वाढदिवसानिमित्त ‘शुभेच्छांचा महापूर’, जो कधी ओसरतच नाही.

नदीकाठी हा शब्द इतक्या लवकर कोणी तोंडातून काढत नाही. आधी नुसतं ‘पाणी आलंय’ म्हणतात. मग बंधारा बुडतो: जत्राट-भिवशी, कारदगा-भोज, मलिकवाड-दत्तवाड. पाहुण्यांकडं जायचं तर लांबचा वळसा पडतो, एवढंच. पुढं पाणी पात्राबाहेर पडतं, मळीतल्या, म्हणजे नदीकाठच्या रानातल्या, उसात शिरतं. गोठ्यातली जनावरं सोडायची वेळ आली की मग माणसं म्हणतात, पूर आला. ‘महापूर’ म्हणायला २००५ किंवा २०१९ सारखं साल लागतं. नाहीतर जुलै २०२१, तेव्हा यमगर्णीजवळ वेदगंगेचं पाणी थेट पुणे-बंगळूर महामार्गावर आलं होतं.

आमचं पाणी येतं वरून, घाटमाथ्यावरून. निपाणी-चिकोडीत ऊन पडलेलं असतानाही कृष्णा चढते, कारण पाऊस कोयना-राधानगरीकडं झालेला असतो. म्हणून लोक इथल्या आभाळापेक्षा कृष्णेवरच्या राजापूर बंधाऱ्यावरून किती क्युसेक पाणी येतंय हे आधी विचारतात. नृसिंहवाडीला दक्षिणद्वार सोहळा झाला, म्हणजे नदीचं पाणी दत्तमंदिरात शिरून दक्षिण दारानं बाहेर पडलं, म्हटल्यावर भाविक स्नानाला निघतात आणि आमच्याकडची म्हातारी माणसं मळीतली पाणी उपसायची मोटार काढून आणायला सांगतात. कृष्णा फुगली की तिला मिळणाऱ्या दूधगंगेचं पाणीही पुढं सरकत नाही, ते मागं शिवारात पसरतं. अशा वेळी बातमीत नुसतं ‘पूर’ वाचून काय करायचं? मोटार काढायची, जनावरं हलवायची, की अजून दोन दिवस थांबायचं?

बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचं तर वेगळंच आहे. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातलं भात त्या पाण्याखाली कुजतं, तेव्हाही बातमी ‘नाल्याला पूर’. तिथले शेतकरी वर्षानुवर्षं सांगतात की नाला गाळानं आणि जलपर्णीनं भरलाय, अतिक्रमणानं अरुंद झालाय. हे पाणी तुंबलेलं आहे. ‘पूर’ छापलं की सगळा दोष पावसाच्या माथी जातो, आणि उन्हाळ्यात गाळ का काढला नाही हे कुणाला विचारावंच लागत नाही.

भर म्हणून सरकारी सूचनांतलं कन्नड. कन्नडमध्ये पुराला ‘प्रवाह’ म्हणतात, ‘नेरे’ही म्हणतात. त्यात वावगं काही नाही, त्या भाषेतले ते चांगले रुळलेले शब्द आहेत. पण घाईत मराठी करताना तो ‘प्रवाह’ तसाच उतरतो आणि ‘नदीकाठी प्रवाहाची शक्यता’ असं वाचायला मिळतं. नदीला प्रवाह असायचाच! मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला त्यातून धोक्याची सूचना कळत नाही. सीमाभागात दोन्ही भाषा येणारी माणसं कमी नाहीत. ‘प्रवाह’चा ‘पूर’ करायला एक फोन पुरे.

तेव्हा विनंती अशी की पावसाळ्यात बातमी देताना नदीचं नाव, कोणता बंधारा पाण्याखाली गेला, पाणी चढतंय की ओसरतंय, एवढं पहिल्या दोन ओळींत यावं. शहरातल्या पाण्याला ‘साचलं’ किंवा ‘तुंबलं’ म्हणावं आणि सोबत तो नाला किंवा गटार शेवटचं कधी साफ झालं तेही छापावं. शुभेच्छांचं काय करायचं ते आपण ठरवा.

कळावे,
एक वाचक
ता. निपाणी, जि. बेळगाव