पक्या, सध्या काय वाचतोय विचारलंस म्हणून

प्रिय पक्या,

त्या दिवशी फोनवर तू विचारलंस, "सध्या काय वाचतोयस?" आणि तेवढ्यात तुझा बॉस की कोण आला आणि तू फोन ठेवलास. ते उत्तर माझ्या पोटात तसंच राहिलंय. व्हॉट्सॲपवर टाइप करायला घेतलं तर इतकं लांब झालं की मलाच कंटाळा आला, म्हणून म्हटलं सरळ पत्रच लिहू, हॉस्टेलला असताना लिहायचो तसं. चहा घेऊन बस.

सुरुवात ताईच्या चिनूपासून करायला लागेल. अकरावीसाठी पुण्यात आलीये, आमच्याकडेच राहते. तू बघितलीस तेव्हा ती रांगत होती, आता माझ्या खांद्याला लागते आणि मला "मामा, तू बूमर आहेस" म्हणते. तर ही येताना दोन बॅगा घेऊन आली, एकीत कपडे आणि दुसरीत नुसती मांगा. जपानी कॉमिक्स रे. मी आपलं एक उचललं आणि नेहमीच्या सवयीने उघडलं तर आत पहिल्याच पानावर छापलेलं की तुम्ही चुकीच्या बाजूने वाचताय, पुस्तक उलटं धरा. म्हणजे आपलं शेवटचं पान ते त्यांचं पहिलं, आणि पानावरचे चौकोनसुद्धा उजवीकडून डावीकडे वाचत जायचे. पहिली वीस पानं मला उत्तर आधी आणि प्रश्न नंतर असंच कळत होतं. एकजण मार खाऊन पडलाय आणि मग दुसरा हात उगारतोय. चिनू हसून हसून लोळली.

मग तिनेच सांगितलं की पूर्वी अमेरिकेत मांगा यायची ती उलटी करून यायची. म्हणजे आख्खं पान आरशात धरल्यासारखं फिरवायचं, की तिकडच्या लोकांना डावीकडून वाचता यावं. १९८८ ला मार्व्हलच्या एका शाखेने 'अकिरा' काढली ती अशीच फिरवलेली, वर मूळच्या काळ्यापांढऱ्या चित्रांत रंगही भरलेले. आता गंमत बघ, पान फिरवलं की त्यातली माणसंपण फिरली ना! सगळे सामुराई एका रात्रीत डावखुरे. आणि किमोनोची उजवी बाजू डावीच्या वर यायला लागली, जी जपानमध्ये फक्त मयताला तशी घालतात. म्हणजे जपानी वाचकाने ते बघितलं तर त्याला वाटायचं ही सगळी मेलेली माणसं बाजारात भाजी का घेतायत. २००० नंतर प्रकाशकांनी हळूहळू तो नाद सोडला आणि आहे तसं छापायला लागले, वाचायचं तर उलटं वाचा म्हणाले. आणि पोरं वाचायला लागली की! कुणाचं काही अडलं नाही.

हे ती सांगत होती आणि माझ्या डोक्यात एकदम घंटा वाजली. पक्या, उजव्या सोंडेचा गणपती! आठवतंय? नारळीकरांची गोष्ट. तो क्रिकेटचा बॉलर, ती मूर्ती, ती मोबियसची पट्टी, माणूस आरशातल्यासारखा उलटा होऊन परत येतो ती. आपण वहीचं पान फाडून, एक पीळ देऊन, डिंकाने चिकटवून पट्टी केलेली आणि तिच्यावर मुंगी सोडलेली. मुंगी सरळ डिंकात गेली ते सोड.

खरं सांगू का, मी नारळीकर कित्येक वर्षं उघडले नव्हते. सर गेले ना, २० मे २०२५ ला, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले तसा मीपण ठेवला, आणि मग मलाच लाज वाटली की आपण ह्या माणसाचं शेवटचं वाचलं कधी. दुसऱ्या दिवशी अप्पा बळवंत चौकात जाऊन त्यांच्या 'यक्षांची देणगी' ह्या कथासंग्रहाची नवीन कॉपी आणली. (जुनी कुठे आहे ते तुला माहिती आहे, त्यावर शेवटी बोलू.) आता हा उलटापालटीचा प्रकार डोक्यात बसल्यावर मला अजून एक सुचलं. त्यांनी पहिली गोष्ट 'कृष्णविवर' १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला पाठवली ती टोपणनावाने, नारायण विनायक जगताप. ना. वि. ज. उलटं वाच. ज. वि. ना.! स्वतःची आद्याक्षरं आरशात धरली होती त्यांनी. आणि अक्षर ओळखू नये म्हणून बायकोकडून, मंगलाताईंकडून लिहून घेतली, आणि पहिलं बक्षीस मिळालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ, केंब्रिज करून आलेला, आणि लपूनछपून स्पर्धेला गोष्ट पाठवतोय, मला हे फार आवडतं.

आता परत वाचताना काही गोष्टी खटकतात पण. पात्रं जरा पुठ्ठ्याची वाटतात, दोन शास्त्रज्ञ कोचावर बसून एकमेकांना समजावून सांगतात आणि आपण कान देऊन ऐकायचं. पण 'गंगाधरपंतांचे पानिपत' आजही जशीच्या तशी चालते. इतिहासाचा प्रोफेसर, ९९९ सभांचा अध्यक्ष, पुण्याहून मुंबईला जातो आणि उतरतो ती मुंबई वेगळीच, कारण तिकडे पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागलीच नाही. आणि त्या वेगळ्या जगातसुद्धा ह्याला काय सुचतं, तर आझाद मैदानावर सभेत रिकामी खुर्ची बघून अध्यक्ष व्हायचं! अस्सल पुणेरी. चिनूला ती अकरावीच्या इंग्रजीत होती, एनसीईआरटीच्या पुस्तकात, 'द ॲडव्हेंचर' नावाने. तिला ती गोष्ट मुळात मराठी आहे हे माहितीच नव्हतं. "मामा, ती ट्रान्सलेशन होती?" असं तोंड करून विचारलं की मला हसावं की रडावं कळेना.

बरं, तुझा प्रश्न. माझ्या आजूबाजूचे सायफायवाले सध्या काय वाचतात, तर आमच्या ऑफिसात चौघं आहोत आम्ही असले येडे, जेवणाच्या सुट्टीत हेच चालतं. अँडी वीअरचं 'प्रोजेक्ट हेल मेरी' सगळ्यांचं झालंय, मी दोनदा केलं, एकदा वाचून आणि एकदा बसमध्ये ऐकून. सूर्याची ऊर्जा खाणारे सूक्ष्मजीव, सूर्य मंद होत चाललाय, आणि जगाला वाचवायला कोण तर शाळेतला सायन्सचा सर! वाटेत त्याला रॉकी भेटतो, दगडासारखा पाच पायांचा परग्रहवासी, तो बोलतो सुरांमध्ये, पेटीवर तीनचार पट्ट्या एकदम दाबाव्यात ना तसं. ऑडिओबुकमध्ये ते सूर खरंच ऐकू येतात आणि शेवटी स्वारगेटला उतरताना माझे डोळे भरलेले, कंडक्टरला वाटलं पाकीट मारलं.

आणि हे वाचताना सारखं वाटत होतं की सूर्य झाकोळतोय हे आधी कुठेतरी वाचलंय. मग आठवलं, फ्रेड हॉईल! नारळीकरांचे गुरू. त्यांनी १९५७ मध्ये 'द ब्लॅक क्लाउड' लिहिलेली, त्यात एक काळा ढग येऊन सूर्य आणि पृथ्वीच्या मध्ये बसतो आणि मग कळतं की तो ढग स्वतःच विचार करणारा आहे, उलट त्यालाच आश्चर्य वाटतं की ग्रहावर राहणाऱ्यांना अक्कल असते! म्हणजे गुरूपण गोष्टी लिहायचे आणि चेलापण. ती वाच तू, जुनी आहे, माणसं सारखी सिगारेटी ओढतात, पण ढग बोलायला लागतो तिथे पुस्तक खाली ठेवणार नाहीस.

दुसरं, मर्डरबॉट. मार्था वेल्सची छोटी छोटी पुस्तकं आहेत, पहिलं २०१७ चं, त्यावर सीरियलपण आली. एक सिक्युरिटी रोबॉट, त्याने स्वतःला ताब्यात ठेवणारं सॉफ्टवेअर हॅक केलंय, म्हणजे आता तो कुणालाही मारू शकतो, पण त्याला काय करायचंय, तर कुणाशी न बोलता सीरियल बघत बसायचंय. मी आईला ही स्टोरी सांगितली तर ती म्हणाली, बरोबर आहे त्याचं.

'डंजन क्रॉलर कार्ल' चा पण जाम बोलबाला आहे, लेखकाने आधी स्वतःच काढलेलं, २०२० ला, आणि इतकं चाललं की मग मोठ्या प्रकाशकाने घेतलं. पृथ्वीवरच्या सगळ्या इमारती एका झटक्यात जमिनीत आणि वाचलेल्या लोकांचा परग्रहवाल्यांनी केलेला रिॲलिटी शो, हीरो चड्डीवर आणि बरोबर एक्स गर्लफ्रेंडची पर्शियन मांजर. आमच्यातले दोघं त्यावर जीव टाकतात, मला दोनशे पानांनंतर थकायला झालं. सारखं लेव्हल वाढली, लेव्हल वाढली. मांजर मात्र एक नंबर.

कॉमिक्समध्ये तुला आवडेल असं म्हणजे 'ॲब्सोल्यूट बॅटमॅन'. ऑक्टोबर २०२४ पासून चालू आहे, स्कॉट स्नायडर लिहितो आणि निक ड्रॅगॉटा काढतो. ह्यात ब्रूस वेन श्रीमंत नाहीये! बाप शाळामास्तर होता, आई जिवंत आहे आणि हा स्वतः इंजिनिअर. म्हणजे आपल्या सांगलीत घरटी एक असतो तसला बॅटमॅन. ना बटलर ना बंगला, छातीवरचं वटवाघूळ काढलं की त्याची कुऱ्हाड होते. मी म्हटलं चला, पहिल्यांदा बॅटमॅन आपल्या उत्पन्न गटातला आला. अंगाने मात्र बैलासारखा काढलाय, एवढं प्रोटीन कुठल्या पगारात बसतं कुणास ठाऊक.

हे सगळं इंग्रजी, बघितलंस ना. माझी खरी बोंब तीच आहे. मराठीत विज्ञानकथा लिहितात लोक, दिवाळी अंकात येतात, त्यातल्या काही खरंच चांगल्या असतात, पण अंक रद्दीत गेला की गोष्टपण गेली. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर हे सगळे एका रांगेत आपल्या लायब्ररीत उभे असायचे. आणि कॉमिक्सचं तर विचारूच नकोस. बरं, चित्रकार नाहीत म्हणावं तर तेही नाही, नागराज १९८६ ला आला तेव्हा त्याला कागदावर आणणारे प्रताप मुळीक पुण्याचे! हिंदीच्या सगळ्यात मोठ्या सुपरहीरोचा हात मराठी, आणि चिनूला द्यायला मराठीत एक धड नवीन कॉमिक माझ्या हाताला लागत नाही.

म्हणून मग मला जुन्या इंद्रजाल कॉमिक्सची उबळ आली. १९६४ ला ६० पैशांना मिळायचं ते, आपल्या वेळी नानांच्या ट्रंकेत होते ते अंक. वेताळ (म्हणजे फँटम रे), कवटीची अंगठी, डेंकालीचं जंगल. ऑनलाइन एकाकडे मराठी अंक सापडला, फोटो झकास, किंमत सांगत नाही, बायको हे पत्र वाचू शकते. आठ दिवसांनी पार्सल आलं, उघडलं तर मधली चार पानंच गायब! वेताळ गुहेतून निघतो आणि पुढच्या पानावर दुष्ट लोक पडलेत, हनुवटीवर कवटीचा शिक्का. मारामारी नाहीच. विकणाऱ्याला मेसेज केला तर म्हणतो, "सर व्हिंटेज में ऐसा चलता है." चिनू म्हणाली, "मामा, तू उजवीकडून वाचून बघ."

आता मूळ गोष्ट. परवा रात्री लाइट गेली होती, पाऊस धो धो, तिच्या फोनची बॅटरी सात टक्के, मी म्हटलं आण ते पुस्तक, तू वाच, मी ऐकतो. उजव्या सोंडेचा गणपती. ती इंग्लिश मीडियमची, जोडाक्षर आलं की गाडी खडखडते, एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होती, एका शब्दाला तीनदा अडखळली, चिडली, परत वाचला. आई पलीकडे वाती वळत बसलेली, तीपण ऐकत होती. दीडेक तास लागला. संपल्यावर चिनू काही बोलली नाही, उठली, मेणबत्ती घेऊन देवघरापाशी गेली आणि आमच्या पितळी गणपतीसमोर फोन धरला, पुढचा कॅमेरा लावून. स्क्रीनवर सोंड उजवीकडे. तिने क्लिक केलं. आता फोटोत बघितलं तर सोंड डावीकडे, जशी मुळात आहे तशी. पुढच्या कॅमेऱ्यात आधी आरसा दिसतो आणि सेव्ह होताना तो सरळ करून होतो ना, तेच. तिने परत धरला, उजवी. क्लिक, डावी. उजवी, क्लिक, डावी. सहासात वेळा केलं असेल. शेवटी आई म्हणाली, "अगं ए, उजव्या सोंडेचा कडक असतो, सोवळंओवळं फार, आपल्याला नाही झेपायचं, राहू दे त्याला आहे तसा." आणि मग फोनच बंद पडला.

दुसऱ्या दिवशी तिने मला तिची एक मांगा काढून दिली, बदल्यात म्हणे. 'प्लूटो', नाओकी उरासावाची, रोबॉटांचे खून होतायत आणि तपास करणारा डिटेक्टिव्हपण रोबॉटच. मी आता उजवीकडून बऱ्यापैकी वाचतो. परवा मात्र सकाळी पेपर हातात घेतला आणि आधी क्रीडापान उघडून उजव्या कोपऱ्यातनं सुरू केलं, बायको बघत होती.

तर पक्या, आता विषय. माझी जुनी 'यक्षांची देणगी' तुझ्याकडे आहे, बारावीच्या सुट्टीत नेलीस, निळ्या बॉलपेनाने आत माझं नाव आहे आणि मागच्या कोऱ्या पानावर आपण काढलेलं यान, त्याला तू खाली एसटीची चाकं लावलेली. मी चिनूला त्या यानाबद्दल सांगितलंय आणि तिला ते बघायचंय. नवीन कॉपी मी तुला पाठवतो, ती ठेव तू. जुनी कुरिअर कर, साध्या पोस्टाने नको, पावसात भिजेल. आणि हरवली असेल तर तसं आत्ताच सांग, उगाच "बघतो, माळ्यावर असेल" करत महिना घालवू नकोस.

वहिनींना नमस्कार, पोराला मर्डरबॉट दे.

तुझा,
बंड्या