आरोग्यमंत्र्यांना खुलं पत्र : औषध सापडलंय, आता ते पोचवायचं कसं हेही शोधू द्या

मा. आरोग्यमंत्री,
स. न. वि. वि.

एचआयव्हीच्या उपचार केंद्रावर मी समुपदेशक आहे. प्रयोगशाळेत काय चालतं ते मला फारसं कळत नाही. औषधाच्या खिडकीसमोरची रांग मात्र मी रोज बघते, आणि त्या रांगेवर संशोधन व्हावं म्हणून पैसे मागायला हे पत्र लिहिते आहे.

मध्यंतरी आमच्याकडे प्रकृती स्थिर असलेल्या रुग्णांना एकदम सहा महिन्यांची औषधं द्यायचं ठरलं. निर्णय चांगला होता. आफ्रिकेत मलावी आणि झांबियातल्या 30 केंद्रांवर नऊ हजारांहून जास्त रुग्णांवर या पद्धतीची चाचणी झाली होती. सहा महिन्यांची औषधं एकदम मिळालेले लोक उपचारात जास्त टिकले, असं तिचे 2021 मध्ये छापून आलेले निष्कर्ष सांगतात. आमच्याकडे परिपत्रक आलं, एक दिवसाचं प्रशिक्षण झालं, भिंतीवर फलक लागला. पण औषध देणाऱ्याकडे साठाच तीन महिन्यांचा होता. एकाला सहा महिन्यांचं दिलं, तर मागच्याला काय द्यायचं? संगणक तीन महिन्यांपलीकडची तारीख घेईना. डॉक्टरांना धास्ती, की सहा महिने तोंड दिसलं नाही तर माणूस हातचा जाईल. आणि एका बाईंनी मिळालेल्या बाटल्या माझ्याच टेबलावर परत आणून ठेवल्या. "ताई, घरात कुणाला माहीत नाही. कुलूप लागेल असं एक कपाट नाही. मी आपली दर महिन्याला येते, एक बाटली पदराआड जाते."

साठा, संगणक, धास्ती, कपाट. यातल्या एकाही अडचणीचं उत्तर औषधशास्त्रात नाही. सहा महिन्यांची सोय नको असलेले किती आणि का, खरेदीचं वेळापत्रक कुठे अडतं, डॉक्टरांची भीती कशाने जाते, हे मोजून, करून, चुकून, पुन्हा करून शोधावं लागतं. याला अंमलबजावणीचं संशोधन म्हणतात. निधीच्या पंगतीत त्याचं पान नेहमी शेवटी वाढलं जातं.

उशीर किती महागात पडतो, ते क्षयाच्या बाबतीत दिसतं. एचआयव्हीसह जगणाऱ्या माणसांचा सर्वांत मोठा मारेकरी क्षयच. त्यांना प्रतिबंधक म्हणून आयसोनियाझिड द्यावं, हे जागतिक आरोग्य संघटनेने 1998 मध्येच सांगितलं. गोळी जुनी आणि स्वस्त, तरी पुढची कित्येक वर्षं ती फार थोड्यांच्या हाती पडली. आत लपलेला क्षय असला आणि आपण एकच औषध दिलं, तर जंतू त्याला दाद देईनासे होतील, अशी डॉक्टरांना भीती होती. ती भीती खोटी नव्हती. शेवटी 2011 च्या मार्गदर्शक सूचनांत साधी वाट निघाली: खोकला, ताप, वजन घटणं आणि रात्री येणारा घाम, या चारांपैकी काहीच नसेल तर गोळी सुरू करा. चार प्रश्न विचारायला तेरा वर्षं लागली!

उलट उदाहरण मलावीचं. उपचार कधी सुरू करायचे हे सीडी4 तपासणीवरून, म्हणजे रक्तातल्या प्रतिकारक पेशी मोजून, ठरायचं; तिथे तिची सोय फार थोड्या ठिकाणी होती. मग त्यांनी 2011 मध्ये ती अटच काढली: गर्भवती बाईला एचआयव्ही असेल तर उपचार लगेच आणि आयुष्यभर. त्या वर्षीच्या दुसऱ्या तिमाहीत 1,257 गर्भवती आणि स्तनदा मातांवर उपचार सुरू झाले होते. 2012 च्या तिसऱ्या तिमाहीत 10,663. 2013 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही हीच शिफारस केली. मला मात्र त्याच्या पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो. त्यांनी मोजणं थांबवलं नाही, म्हणून कळलं की गरोदरपणात उपचार सुरू केलेल्या बायका पहिल्या भेटीनंतर परत न येण्याचं प्रमाण, स्वतःच्या खालावलेल्या प्रकृतीमुळे सुरू केलेल्या बायकांच्या पाचपट होतं. सुरुवात सोपी केली आणि टिकणं अवघड राहिलं. नुसत्या सुरुवातीच्या आकड्यावर समाधान मानलं असतं, तर हे कुणाला कळलंच नसतं.

आपण म्हणाल, पैसा आधीच अपुरा. औषधं घेऊ की पाहण्या करू? प्रश्न रास्त आहे. पण 2024 अखेर जगात 4 कोटी 8 लाख लोक एचआयव्हीसह जगत होते आणि उपचार मिळत होते 3 कोटी 16 लाखांना. राहिलेल्या 92 लाखांसाठी नवं औषध शोधायचं नाहीये.

शिवाय यातला मोठा भाग जवळपास फुकट होऊ शकतो. कोणतीही नवी पद्धत सगळ्या केंद्रांवर एकाच दिवशी सुरू होत नाही, टप्पे पडतातच. आज ते कसे पडतात ते आपल्याला ठाऊक आहे: जिथला अधिकारी उत्साही, तिथे आधी. मग निकाल चांगला आला तर तो पद्धतीचा की त्या अधिकाऱ्याचा, हे सांगता येत नाही. हाच क्रम चिठ्ठ्या टाकून ठरवा. ज्यांची पाळी यायची आहे ती केंद्रं आपोआप तुलनेला मिळतात आणि कायमचं वंचित कुणीच राहत नाही. आफ्रिकेतल्या एस्वातिनी या देशाने सर्वांना लगेच उपचार देताना 2014 पासून 14 केंद्रांवर हेच केलं. वेगळा खर्च लागतो तो नोंदी नीट ठेवणाऱ्या माणसांचा, आणि ती माणसं आमच्याकडे नाहीत. आज दिवसभर रुग्ण बघून संध्याकाळी परिचारिकाच रजिस्टर भरते.

म्हणून एचआयव्हीच्या अंदाजपत्रकात यासाठी स्वतंत्र शीर्ष हवं, आणि निदान तीन वर्षांची हमी. एका वर्षात फक्त प्रश्नावली भरून होते. (अंमलबजावणीच्या नावाखाली नुसत्या प्रश्नावल्या भरणाऱ्यांना पैसे देऊ नका, हेही सांगते.) प्रश्न ठरवताना परिचारिका, औषध देणारे आणि रुग्ण बैठकीत असावेत. फसलेले प्रयोगही छापले जावेत. आणि काय बंद करायचं, यालाही पैसे द्या: तब्येत उत्तम असलेल्या माणसाला दर महिन्याला कशासाठी बोलावतो, हे आम्हालाही नीट सांगता येत नाही.

आता लेनाकॅपाव्हिर येतं आहे. संसर्ग टाळण्यासाठी वर्षाला दोनच इंजेक्शनं. 2024 मध्ये जाहीर झालेल्या चाचणीत ते घेतलेल्या 2,134 तरुणींपैकी एकीलाही लागण झाली नाही. सगळीकडे आनंद आहे, मलाही आहे. पण ते टोचणार कोण? सहा महिन्यांनंतरची तारीख कोण आठवणीत ठेवणार? ज्या मुलीला आमच्या दारात दिसायचंच नाही, तिने ते कुठे घ्यायचं? परिपत्रक निघण्याआधी या प्रश्नांवर कुणाला तरी कामाला लावा, आणि पहिली केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडा. चिठ्ठ्या लिहून द्यायला मी तयार आहे.

आपली नम्र,
एक समुपदेशक